हवामान बदल माणसामुळे नाहीच, असं कोणी म्हटलं तर तो दावा तपासायचा कसा

"हवामान काय, आधीपासूनच बदलत आलंय" असं कोणी म्हटलं की लगेच त्याच्या अंगावर जाऊ नका, कारण हे वाक्य खरंच आहे, माणूस नव्हता तेव्हाही हिमयुगं आली आणि गेली. प्रश्न आत्ताच्या वाढीचा आहे, ती कशामुळे होतेय याचा.

म्हणून आधी समोरच्याला नेमकी शंका कशावर आहे ते विचारून घ्या. तापमान वाढतंय हेच पटत नाही, की वाढतंय पण कारण वेगळं वाटतं, की कारणही मान्य आहे पण त्यावरचे टॅक्स आणि बंधनं नकोत? तिसरा मुद्दा राजकारणाचा आणि पैशाचा आहे, त्यावर प्रामाणिक मतभेद असू शकतात, पण टॅक्स आवडत नाही म्हणून थर्मामीटर खोटा ठरत नाही. निम्मी भांडणं या तिन्हीची खिचडी झाल्यामुळेच होतात.

आता कारणाचं. इथे एकच प्रश्न धरून ठेवायचा: हे कारण खरं असेल तर अजून काय काय दिसायला हवं? सूर्याचंच घ्या, कारण हा दावा सगळ्यात जास्त ऐकू येतो. सूर्य जास्त तापला म्हणून पृथ्वी तापली असेल तर वातावरणाचे खालचे-वरचे सगळेच थर तापायला हवेत ना, पण प्रत्यक्षात जमिनीलगतचा थर तापतोय आणि त्याच्या वरचा, स्ट्रॅटोस्फिअर नावाचा थर थंड होतोय. त्याच्या खालच्या भागात ओझोन कमी झाल्याचाही हात आहे हे मान्य करायचं, पण आणखी वर मुख्य कारण कार्बन डायऑक्साइडच आहे, आणि विशेष म्हणजे असं होईल हे हवामानशास्त्रज्ञ स्युकुरो मानाबे यांच्या मॉडेलने 1967 मध्येच दाखवलं होतं, तेव्हा हे मोजायला सॅटेलाइटही नव्हते. 1978 पासून सॅटेलाइट सूर्याची ऊर्जा थेट मोजतायत, तिच्यात साधारण 11 वर्षांचा चढउतार दिसतो पण वाढत जाणारा कल नाही, तापमान मात्र चढतंच गेलंय.

"हा कार्बन डायऑक्साइड ज्वालामुखींचा आहे" या दाव्यालाही तोच प्रश्न लावा. माणूस कोळसा, तेल, गॅस जाळून वर्षाला 37 अब्ज टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड सोडतो, सगळे ज्वालामुखी मिळून अर्धा अब्ज टनही नाही. शिवाय हवेतला ऑक्सिजन अगदी थोडा थोडा पण सतत कमी होतोय, जे काहीतरी जळत असेल तरच होतं, ज्वालामुखीतून आयता गॅस बाहेर पडल्याने नाही. हवेतल्या कार्बनमध्ये कार्बन-13 चं, म्हणजे कार्बनच्या थोड्या जड प्रकाराचं प्रमाणही घटतंय, आणि झाडांपासून बनलेल्या जुन्या इंधनात नेमकं तेच कमी असतं. आणि 1991 मध्ये फिलिपिन्समधला पिनाटुबो ज्वालामुखी फुटला तेव्हा तर जग साधारण अर्धा डिग्री थंडच झालं होतं!

"हवेतला फक्त 0.04 टक्के कार्बन डायऑक्साइड काय करणार" हा मुद्दा ऐकायला बिनतोड वाटतो, पण ओझोन त्याहून कितीतरी कमी आहे तरी अतिनील किरण अडवतोच. नुसतं प्रमाण बघू नका, वाढ बघा, औद्योगिक क्रांतीआधी दहा लाख भागांत 280 होता, आता 420 च्या वर गेलाय, म्हणजे दीडपट. आणि हा गॅस उष्णता शोषतो हे काही कालपरवाचं नाही, अमेरिकन संशोधक युनिस फूट यांनी 1856 मध्येच काचेच्या नळीत दाखवलंय.

ग्राफ आला तर आधी सुरुवातीचं वर्ष बघायचं, हे मी कळकळीने सांगते कारण माणसं इथेच फसतात. 1998 ला जोरदार एल निनो होता, म्हणजे प्रशांत महासागराचं पाणी नेहमीपेक्षा तापलं होतं, ते वर्षच भयंकर गरम होतं, तिथून 2012 पर्यंत रेघ ओढली की "वाढ थांबली" असं दिसतं. नासाचे वार्षिक आकडे फुकट मिळतात, ते एक्सेलमध्ये टाका, एकदा 1998 ते 2012 काढा आणि मग तोच ग्राफ 1880 पासून आजपर्यंत काढा. स्वतःच्या हाताने काढलेला ग्राफ समोरच्याला दाखवला की नुसतं बोलण्यापेक्षा जास्त पटतं.

जे अजून नक्की नाही ते नाही म्हणूनच सांगा. कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला तर किती तापेल याचा अंदाज 1979 मध्ये 1.5 ते 4.5 डिग्री होता, 2021 च्या आयपीसीसी (संयुक्त राष्ट्रांची हवामान बदलावरची समिती) अहवालात तो बहुधा 2.5 ते 4 वर आला, ढगांचं गणित अजून अवघड आहे. हे लपवलंत आणि समोरच्याने शोधून काढलं तर तुमच्या बाकीच्या बोलण्यावरचाही विश्वास जातो.

शंका घेणाऱ्याचा अपमान करू नका. रिचर्ड म्युलर हे भौतिकशास्त्रज्ञ स्वतः साशंक होते, त्यांनी टीम घेऊन तापमानाच्या सगळ्या नोंदी नव्याने तपासल्या आणि 2012 मध्ये जाहीर सांगितलं की वाढ खरी आहे आणि जवळजवळ सगळी माणसामुळेच आहे. म्हणून शेवटी सरळ विचारा, काय दिसलं तर तुमचं मत बदलेल? उत्तर मिळालं तर त्याच पुराव्यावर दोघं मिळून बसा, आणि "काहीच नाही" असं आलं तर तिथेच थांबा, पुढचं त्या वेळी ऐकत बसलेल्या बाकीच्यांशी बोला.