मुंडुकमध्ये जमीन-घर बघताय? या चुका टाळा

बालीच्या उत्तरेला, बुलेलेंग जिल्ह्यात, डोंगराच्या धारेवर मुंडुक गाव आहे. विमानतळापासून अंतर साधारण ८० किलोमीटर, पण बेदुगुलचा घाट चढून जायला तीन तास धरा. लवंगेच्या बागा, कॉफी, धबधबे, रात्री पांघरूण लागेल अशी हवा. लोक दोन रात्रींसाठी येतात आणि तिसऱ्या सकाळी जमिनीचा भाव विचारत फिरतात. बिघडायला सुरुवात होते ती इथूनच.

दुसऱ्याच्या नावावर जमीन

"आमचा माणूस विश्वासातला आहे" असं कुणी म्हणालं की हात जोडावेसे वाटतात. इंडोनेशियात जमिनीची पूर्ण मालकी, म्हणजे हाक मिलिक, तिथल्या नागरिकालाच मिळते. १९६० च्या जमीन कायद्याचं कलम २१. मग परदेशी माणूस काय करतो, तर ओळखीच्या स्थानिकाच्या नावावर सर्टिफिकेट करतो आणि बाजूला कागद करून घेतो: मी याला कर्ज दिलंय, जमीन तारण आहे, रद्द न होणारं मुखत्यारपत्र माझ्याकडे आहे. फाइल जाडजूड होते, शिक्के बसतात, आणि घेणाऱ्याला वाटतं काम पक्कं झालं. कलम २६ मात्र स्वच्छ सांगतं: परदेशी व्यक्तीकडे थेट किंवा आडवाटेने मालकी नेणारा व्यवहार मुळातच रद्द, जमीन सरकारजमा, दिलेले पैसे परत मागता येत नाहीत.

गोष्ट बहुधा अशी चालते. पहिली काही वर्षं सगळं गोड. घर उभं राहतं, लाकडी ओसरी होते, अंगणात फ्रांगिपानी लावला जातो. मग ज्याच्या नावावर जमीन, तो माणूस वारतो. त्याच्या मुलांना कर्जाच्या कागदाचं काही ठाऊक नसतं. सर्टिफिकेटवर वडिलांचं नाव आहे एवढंच त्यांना कळतं. देनपासारला नोकरी करणाऱ्या एकाला पैसे हवे असतात. तो येतो, कॉफी पितो आणि अगदी नम्रपणे सांगतो की जागा विकायची आहे. कोर्टात जावं, तर आपलीच जाडजूड फाइल आपल्याविरुद्ध पुरावा होऊन बसते. 'बेनामी' हा शब्द आपल्याकडे शाळकरी पोरालाही कळतो. विमानात बसल्यावर तो कुठे जातो, देव जाणे.

सरळ भाडेपट्टा करा. त्याला तिथे 'सेवा' म्हणतात. ऐकायला गोड, अर्थ निव्वळ भाडं. बहुधा २५ वर्षांचा, सगळी रक्कम आगाऊ. भाव 'दर आरे, दर वर्षी' असा सांगतात. हा आरे म्हणजे सातबाऱ्यावरचा आपला आरच: १०० चौरस मीटर, जवळपास एक गुंठा. नवखे नेमके इथेच घसरतात. सांगितलेला आकडा पूर्ण किंमत नव्हे. ८ आरे २५ वर्षांसाठी घ्यायचे तर त्या आकड्याच्या २०० पट मोजावे लागतात. "मुदत संपल्यावर त्या वेळच्या बाजारभावाने वाढवू" या वाक्याला काडीचा अर्थ नाही. वाढीचं सूत्र करारातच लिहून घ्या. भाड्यावर १० टक्के कर लागतो, तो कोण भरणार तेही.

एकाच भावाची सही

बालीत वारसा मुलग्यांकडे जातो, आणि कागद बऱ्याचदा आजोबांच्या नावावरच पडून असतो. ओसरीवर बसून चहा पाजणारा भाऊ चारांपैकी एक असतो. वंशावळ आणि वारसदाखला मागा, आणि सगळ्या वारसांच्या सह्या नोटारिससमोर घ्या. हा नोटारिस म्हणजे कोर्टाबाहेर टेबल टाकून शिक्के मारणारा नव्हे. मूळ सर्टिफिकेट सिंगराजाच्या भूमी कार्यालयात तपासून घेणं हे त्याचंच काम. तोवर इसारा म्हणून एक रुपियाही देऊ नका. "दुसरं गिऱ्हाईक उद्या येतंय" असं सांगतील. येऊ द्या.

त्याआधी बंजारच्या क्लियानला, म्हणजे वस्तीच्या प्रमुखाला, भेटा. देवळाची किंवा गावकीची जमीन एखादं कुटुंब पिढ्यान्‌पिढ्या कसत असतं, पण ती त्याला विकता येत नाही. हे कागदाआधी क्लियानला माहीत असतं.

जागा बघायची ती जानेवारी-फेब्रुवारीच्या पावसात, आणि मुख्य रस्त्यापासून पायी चालत. पाटाच्या कडेची पायवाट सुबकची, म्हणजे पाणी वाटून घेणाऱ्या शेतकऱ्यांची असते. तिथून ट्रक जात नाही. वाळू-सिमेंट डोक्यावरून न्यावं लागलं की बांधकामाचं अंदाजपत्रक कोलमडतं. भातखाचरांचं सुंदर दृश्य असलेली स्वस्त जागा दिसली तर आधी झोनिंग बघा. हिरव्या पट्ट्यात बांधकामाचा परवाना मिळत नाही.

वीज

भाड्याच्या घरात मीटर बहुधा १३०० व्हीएचा असतो, म्हणजे सुमारे ६ अँपिअर. गिझर लावला, सोबत विजेची किटली लावली, वर पाण्याचा पंप सुरू झाला की एमसीबी पडतो. लोक मालकाला फोन करतात. मालक काय करणार? दोन मोठी यंत्रं एकाच वेळी लावू नका, नाहीतर २२०० व्हीएचं कनेक्शन मागून घ्या. मीटर प्रीपेड असेल तर शिल्लक संपत आली की तो रात्री दोनलाही टीं-टीं करत राहतो. टोकन २० अंकी असतं. दुकानातून आणून मीटरच्या बटणांवर दाबायचं. एक जादा टोकन आधीच आणून पाकिटात ठेवून द्या. सॉकेटला दोन गोल पिना लागतात, आपला तीन पिनांचा प्लग बसत नाही.

स्कूटर

११० सीसीची स्कूटर, दोन माणसं, दोन बॅगा आणि बेदुगुलचा चढ: हा हिशेब जमत नाही. उतार तर त्याहून वाईट. मुंडुकहून सेरिरितकडे उतरताना लोक अख्खा घाट मागचा ब्रेक दाबून धरतात. तो तापतो आणि मग पकडतच नाही. वेग आधीच कमी ठेवा, दोन्ही ब्रेक थोडे-थोडे दाबून सोडत राहा, जळका वास आला तर थांबून कॉफी प्या. दुपारनंतर वनगिरीच्या धारेवर धुकं उतरतं, तेव्हा तीनच्या आत पोचा. हंगामात रस्त्याच्या कडेला ताडपत्रीवर लवंगा वाळत घातलेल्या असतात. त्यावरून चाक नेऊ नका. कुणाच्या तरी वर्षाची कमाई आहे ती.

बाकीच्या

व्हिसा ऑन अरायव्हल ३० दिवसांचा, एकदाच आणखी ३० दिवस वाढतो. मुदत उलटली की रोज १० लाख रुपिया दंड.

जायला गाडी मिळाली म्हणून यायलाही अ‍ॅपवर मिळेल असं धरू नका. परतीचा ड्रायव्हर आदल्या दिवशी ठरवा.

न्येपी हा शकवर्षाचा पहिला दिवस; २०२६ मध्ये १९ मार्चला, म्हणजे नेमका आपल्या पाडव्यालाच. सकाळी सहापासून दुसऱ्या सकाळी सहापर्यंत रस्त्यावर पाऊल टाकायचं नाही, बाहेर उजेड दिसू द्यायचा नाही, विमानतळही बंद. त्या दिवसाचं तिकीट काढणारे दरवर्षी निघतात.

एटीएममधून बऱ्याच ठिकाणी आधी पैसे येतात, कार्ड नंतर. नोटा मोजत निघून जाऊ नका.