कोकणातल्या घरावर पत्रा मारायचा तर आधी कडा सांभाळा

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्यावर आलं आणि आमच्या दापोली-मंडणगडलाही त्याने झोडपलं. नंतर दुरुस्तीची कामं घेताना मी उडालेल्या छपरांकडे मुद्दाम लक्ष देऊन बघत गेलो. मधोमध फाटलेला पत्रा क्वचितच दिसला. सुटलेली असायची ती कड: वळचणीची, कोपऱ्याची, नाहीतर आढ्याजवळची. वारा छपरावरून जाताना पत्रा वर ओढतो आणि ही ओढ कडांना सगळ्यात जास्त असते. म्हणून फॅब्रिकेटरशी बोलताना पत्र्याच्या रंगाआधी कडांचं बोला.

सुरुवात सांगाड्यापासून. कित्येक ठिकाणी पत्रे पाइपांसकट गेले, कारण पाइप चिऱ्याच्या भिंतीवर नुसते टेकवलेले होते. चिऱ्यात ठोकलेला अँकर बोल्ट भरवशाचा नसतो. भिंतीच्या माथ्यावर काँक्रीटचा पट्टा घाला, त्यात सळ्या अडकवून प्लेट बसवा आणि पाइप त्या प्लेटला वेल्डिंग करा. वेल्डिंगच्या जागा घासून रेड ऑक्साइड (गंज रोखणारा पहिला हात) आणि वर रंग, हे पत्रा चढायच्या आधी. नंतर तिथे ब्रश पोचत नाही. आडवे पाइप मध्ये चार-चार फुटांवर चालतील, पण वळचणीकडचं आणि आढ्याकडचं शेवटचं अंतर तीन फुटांच्या वर नको. वळचण पाइपाच्या पुढे एक फुटापेक्षा जास्त काढू नका. पडवीत पाऊस येतो म्हणून लोक दोन फूट मागतात. मग खाली आधाराचा आणखी एक पाइप हवाच.

उतार पाच फुटांना एक फूट, त्याहून कमी नको. पत्रा घराच्या मापाने आढ्यापासून वळचणीपर्यंत अखंड कापून मागवा, म्हणजे मध्ये आडवा जोड राहत नाही. जोड घ्यावाच लागला तर वरचा पत्रा खालच्यावर किमान सहा इंच चढवा, उतार जेमतेम एवढाच असेल तर नऊ.

समुद्राजवळ साधा जस्ताचा पत्रा घेऊ नका. ५५ टक्के अॅल्युमिनियम असलेल्या थराचा, म्हणजे गॅल्व्हॅल्यूमचा, रंगीत पत्रा घ्या आणि थर चौरस मीटरला १५० ग्रॅमचा आहे का ते बिलावर लिहून मागा. जाडी ०.५० मिमी सांगितली तर ती थर आणि रंग धरून की नुसत्या पोलादाची, हे विचारा.

पत्रा मारायला घराच्या कुठल्या टोकापासून सुरुवात करायची, हे बरेच कारागीर सोयीने ठरवतात. आमच्याकडे पावसाळी वारा नैऋत्येकडून येतो. तेव्हा पूर्वेच्या किंवा दक्षिणोत्तर घर असेल तर उत्तरेच्या टोकापासून सुरू करा आणि वाऱ्याकडे सरकत जा. मग प्रत्येक जोडाची उघडी कड वाऱ्याकडे पाठ करून राहते. वरच्या टोकाला पन्हळीचं तोंड पकडीने वर मुडपा, खालच्या टोकाला थोडं खाली. आढ्यावरच्या कोनपत्र्याखाली घुसणारं पाणी या मुडपण्यानेच अडतं. दहा मिनिटांचं काम आहे, पण सांगितल्याशिवाय कोणी करत नाही.

स्क्रू पन्हळीत नको, उंचवट्यावर मारा, सेल्फ ड्रिलिंग (स्वतःच भोक पाडत जाणारा), ईपीडीएम म्हणजे उन्हापावसात टिकणाऱ्या रबराच्या वॉशरचा. मधल्या पाइपांवर एक सोडून एक उंचवटा चालेल, पण वळचण, आढं आणि दोन्ही बाजूंच्या कडांना प्रत्येक उंचवट्यावर स्क्रू हवा. रबर वॉशरच्या टोपीखालून किंचित डोकावलं की थांबायचं. जास्त आवळलं तर उंचवटा दबतो, रबर चिरतं आणि दोन पावसाळ्यांत तिथून थेंब सुरू होतो. दोन पत्र्यांच्या जोडावरही दीड-दीड फुटावर छोटे स्क्रू घ्या.

कापायला ग्राइंडर वापरू देऊ नका. ठिणग्यांनी थर जळतो आणि कापलेली कड गंजायला लागते. पत्रा कात्रीने कापावा. ड्रिलचा कीस त्याच संध्याकाळी मऊ झाडूने काढा, नाहीतर सकाळच्या दवाने त्याचे तांबडे डाग पडतात. ओलं सिमेंट पत्र्याला लागू देऊ नका, लागलंच तर लगेच धुवा.

ओल्या पत्र्यावर किंवा वारा असताना कोणालाही चढवू नका. कमरेला पट्टा आणि दोर पक्क्या ठिकाणी बांधलेला हवा, जवळून जाणारी विजेची तार आधी बंद करून घ्यावी. पाय ठेवायचा तो खाली पाइप आहे तिथेच, म्हणजे स्क्रूंच्या रांगेवर.

आता देखभाल. वरची बाजू पाऊस दरवर्षी धुतो. वळचणीच्या खालची बाजू मात्र कधीच धुतली जात नाही, खाऱ्या हवेतलं मीठ तिथे साचत राहतं आणि मागचा रंगही वरच्यापेक्षा पातळ असतो. त्यामुळे समुद्रकाठच्या घरांना गंज बहुधा तिथूनच लागतो. पावसाळा संपल्यावर, मग मार्चमध्ये आणि मे अखेरीस गोड्या पाण्याचा पाइप खालून वर मारा. इतकं केलं तरी पत्र्याचं आयुष्य वाढतं.

मृगाच्या आधी फणसाची-आंब्याची पानं आणि झावळ्यांचे तुकडे पन्हळींतून काढा. ओला पाचोळा पत्र्याला चिकटून राहिला की खालचा थर खातो. वानरांच्या उड्यांनी स्क्रू ढिले होतात, ते हाताने हलवून बघा. भोक मोठं झालं असेल तर तोच स्क्रू पुन्हा आवळून उपयोग नाही, एक माप जाड स्क्रू नव्या वॉशरसह घाला. गळतीवर डांबर फासू नका. त्याखाली पाणी अडकतं आणि गंज दिसतही नाही. बारीक भेगेला न्यूट्रल सिलिकॉन वापरा. व्हिनेगरसारखा आंबट वास येणारं नको, ते थर खातं.