चारशे सातचा तुटलेला ऑइल गेज बदलताना

सासवडला पहाटे पाचला सीताफळाचे क्रेट भरून झाले. भाच्याने इंजिनातलं ऑइल बघायला गेज, म्हणजे नळीत घातलेली रेघांची लांब पट्टी, ओढला आणि अर्धाच हातात आला. "मामा, खालचा भाग आतच राहिला." गाडी टाटा चारशे सात, जुनी. हे मॉडेल १९८६ साली आलं, माझी त्यानंतरची असली तरी म्हातारीच म्हणायची.

गेज मोडला तो माझ्याच पापाने. मागे पट्टीला चीर दिसली तेव्हा नवा घ्यायचा सोडून मी गॅस वेल्डिंगचा टाका मारून घेतला होता. ही पट्टी स्प्रिंगच्या पोलादाची असते. आच लागली की टाक्याशेजारची जागा कमजोर होते, आणि माझी बरोबर तिथेच मोडली. तेव्हा गेजला टाका मारू नका.

मोडल्या क्षणी पहिली गोष्ट म्हणजे चावीला हात लावायचा नाही. पट्टीचं टोक चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्यात, उतरलेलं असतं आणि क्रँक, म्हणजे इंजिनाचा फिरणारा मुख्य दांडा, तिथून फार लांब नसते. सुटा तुकडा तिच्या फेऱ्यात आला तर खर्च गेजवर थांबत नाही. "पुण्याला मार्केट यार्डापर्यंत तरी जाऊ," भाचा म्हणाला. मी क्रेट दुसऱ्याच्या पिकअपमध्ये चढवून दिले. भाडं गेलं, पण सुटा तुकडा इंजिनात घेऊन दिवे घाट उतरायची वेळ तरी आली नाही.

आता आतला तुकडा. गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढलेला, चाकाला दगड. नळीच्या तोंडाभोवतीची माती आधी डिझेलच्या फडक्याने पुसून काढा, नाहीतर तीच आत जाते. मग टॉर्च मारून बघा. टोक दिसत असेल तर नोज प्लायरने धरून, हलकेच पिळत वर घ्या. झटका देऊ नका, झटक्याने तुकडा निसटून खाली सरकतो.

माझा चार बोटं आत होता, प्लायर पोचेना. पट्टी लोखंडी, म्हणजे चुंबकाला लागणार. पुण्याच्या नाना पेठेत पेनासारखा लांब होणारा चुंबक मिळतो, तो माझ्या पेटीत होता. अडचण अशी की नळीही लोखंडाची. चुंबक आत घातला की आधी नळीलाच चिकटतो आणि तुम्ही तासभर नळीशीच कुस्ती खेळता. भाच्याने बॉलपेनची रिकामी प्लॅस्टिकची नळी चुंबकावर बाहीसारखी चढवली, फक्त तोंड उघडं ठेवलं. आता बाजू चिकटेना. सरळ खाली गेला, टक् असा आवाज आला, आणि तुकडा सावकाश वर आला. मी तीस वर्षं गाड्या चालवतो, मला हे सुचलं नव्हतं.

चुंबकानेही येत नसेल किंवा तुकडा नळीतून सुटून खाली पडला असेल, तर ऑइल काढून चेंबर उतरवायला लागतो. ते काम मिस्त्रीकडे द्या.

दोन्ही तुकडे हाती आले की वर्तमानपत्रावर मोडलेल्या कडा जुळवून ठेवा. कुठला कपचा गायब नाही ना, ते इथेच कळतं. मग मोजा. माप मुठीपासून घ्यायचं नाही. नळीच्या तोंडावर जी कॉलर टेकते, तिथपासून 'मॅक्स'च्या, म्हणजे ऑइल जास्तीत जास्त जिथवर असावं त्या रेघेपर्यंत एक, आणि कॉलरपासून टोकापर्यंत दुसरं. माझं माप इथे सांगत नाही, कारण इंजिन तेच असून चेंबर किंवा नळी वेगळी निघाली की गेजही वेगळा असतो. नळीचं तोंड मधल्या वेळात रबरी बुचाने बंद करा. चिंधी कोंबू नका, तिचे धागे आत जातात.

नाना पेठेत स्पेअर पार्टच्या दुकानात तुकडे काउंटरवर ठेवले आणि इंजिन नंबर सांगितला. शेठने तीन गेज काढले. तिन्ही "चारशे सातचेच", आणि तिन्हींच्या रेघा वेगळ्या उंचीवर! कॉलर कॉलरला लावून जो सगळ्यात जवळ आला तो घेतला. बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारात आणखी स्वस्त मिळाला असता, पण तिथला वापरलेला गेज कुठल्या इंजिनातून आलाय ते कोण सांगणार?

नवा घालताना तो आपल्या वजनाने सरकला पाहिजे. कुठे अडला तर दाबू नका, बाक जुन्यासारखा आहे का बघा. कॉलरचं रबर घट्ट बसलं पाहिजे. ढिलं असेल तर धूळ आत आणि ऑइल बाहेर.

इथे बहुतेक जण थांबतात. मी थांबत नाही, कारण नव्या पट्टीवरची रेघ माझ्या इंजिनाची आहे हे सिद्ध व्हायचं असतं. त्यासाठी ऑइल बदलण्याचाच मुहूर्त धरा. गरम इंजिनातून जुनं १५डब्ल्यू४० ऑइल पूर्ण गळू द्या, फिल्टर नवा लावा. गाडीच्या पुस्तकात कमीत कमी आणि जास्तीत जास्त अशी दोन मापं असतील, तर आधी कमीचं माप लिटरच्या भांड्याने मोजून ओता. दोन मिनिटं चालू करून फिल्टर भरू द्या, बंद करून दहा-पंधरा मिनिटं थांबा. गेज काढा, पुसा, परत घाला, काढा, वाचा. मग उरलेलं ओतून पुन्हा तसंच.

पूर्ण ऑइल घातल्यावर माझ्या नव्या गेजवर ते 'मॅक्स'च्या बोटभर वर दिसलं. म्हणजे त्या रेघेवर विसंबलो असतो तर रोज बोटभर कमी ऑइलवर गाडी पळवली असती, आणि चढाला ऑइल पंपाने हवा ओढली असती. रेघ उलट्या बाजूने चुकली असती तर ऑइल जास्त झालं असतं. मग क्रँक ते घुसळते, फेस होतो, प्रेशर पडतं, सीलमधून गळतं.

खऱ्या उंचीवर बारीक कानसेने पट्टीच्या सपाट अंगावर नुसता ओरखडा काढला. खोल खाच नको, पट्टी पुढच्या वेळी तिथेच मोडेल. नव्या पट्टीवरची छापील 'मॅक्स'ची रेघ आडवी खरडून टाकली, नाहीतर भाचा सवयीने तीच वाचतो.

पहिला आठवडा रोज सकाळी गाडी थंड असताना बघितलं, नळीच्या तोंडाशी ऑइलचा डाग येतोय का तेही. नाही आला. जुने दोन तुकडे सुतळीने बांधून सीटखाली ठेवलेत, आणि बॉलपेनची नळी चुंबकावरच राहू दिलीय.