क्लोजपर्यंत न पोहोचणारा कोड

बॅकएंडच्या कामाला नव्याने लागलेल्यांचा कोड तपासायला आला की मी आधी एकच गोष्ट बघते: डेटाबेसचं कनेक्शन कुठे उघडलंय आणि तिथून पुढे फंक्शनबाहेर पडायच्या वाटा किती आहेत. शेवटच्या ओळीत क्लोज, म्हणजे कनेक्शन बंद करणं, बहुतेकांनी लिहिलेलं असतं. पण त्या ओळीपर्यंत कोड दर वेळी पोहोचतोच असं नाही.

ऑर्डर सेव्ह करणारं साधं फंक्शन घ्या. कनेक्शन घेतलं, ग्राहक शोधला, नाही सापडला तर तिथूनच रिटर्न. सापडला तर इन्सर्ट, कमिट आणि सर्वांत खाली क्लोज. स्वतः चालवून बघाल तर सगळं सुरळीत, कारण आपण खरा ग्राहक क्रमांकच टाकतो. चुकीचा क्रमांक घेऊन आलेली प्रत्येक रिक्वेस्ट मात्र एक कनेक्शन उघडं टाकून जाऊ शकते. इन्सर्ट करताना एक्सेप्शन आलं तरी तेच.

ही गळती लगेच जाणवत नाही, हीच खरी अडचण. एका वेळच्या कनेक्शनांची डीफॉल्ट मर्यादा मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये १५१ आहे, पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये १००. ती भरेपर्यंत साइट छान चालते. भरली की नीट लिहिलेली पानंही बंद पडतात. ‘टू मेनी कनेक्शन्स’ ही एरर ज्या ओळीवर येते, तिचा बहुधा काहीच दोष नसतो. तिला फक्त शेवटी यावं लागलं. नवा माणूस तीच फाइल उलटीपालटी करत बसतो. मग कोणीतरी ॲप रीस्टार्ट करतं, सगळं ठीक होतं आणि मूळ कारण तसंच राहतं. मर्यादा वाढवून टाकणं तर मला अजिबात पटत नाही. पोस्टग्रेस प्रत्येक कनेक्शनसाठी वेगळी प्रोसेस चालवतो, तिला मेमरी लागते, आणि गळती असेल तर वाढवलेली मर्यादाही भरणारच.

शंका आली तर डेटाबेसलाच विचारा. मायएसक्यूएलमध्ये ‘शो प्रोसेसलिस्ट’ चालवलं की कमांडच्या रकान्यात ओळीने स्लीप, स्लीप, स्लीप दिसतं आणि टाइमच्या रकान्यात हजारांतले सेकंद. अशी रिकामी कनेक्शनं मायएसक्यूएल आपणहून तोडतो खरा, पण वेट टाइमआउट डीफॉल्टने २८८०० सेकंदांचा, म्हणजे आठ तासांचा असतो. पूल, म्हणजे आधीच उघडून ठेवलेल्या आणि पुन्हापुन्हा वापरायच्या कनेक्शनांचा साठा, वापरत असाल तर थोडी स्लीप कनेक्शनं असणारच. बघायचं ते आकडा चढतच चाललाय का एवढंच. पोस्टग्रेसमध्ये हीच माहिती ‘पीजी_स्टॅट_ॲक्टिव्हिटी’मध्ये मिळते. तिथे ‘आयडल इन ट्रान्झॅक्शन’, म्हणजे व्यवहार अर्धवट ठेवून रिकामं बसलेलं कनेक्शन, दिसलं तर हातातलं काम बाजूला ठेवा. ते कनेक्शन नुसतं अडून बसलेलं नसतं, त्याने डेटावर घेतलेली लॉकही (इतरांना अडवणारी कुलपं) सुटलेली नसतात.

उपाय एका ओळीचा आहे: जिथे उघडलं तिथेच बंद व्हायची सोय करा, मग मधे काहीही घडो. जावामध्ये आवृत्ती ७ पासून ट्राय-विथ-रिसोर्सेस आहे, जे ब्लॉक संपताच कनेक्शन आपोआप बंद करतं; इतरत्र फायनली, म्हणजे एरर आली तरी चालणारा ब्लॉक. पायथनमध्ये विथ वापरताना जरा थांबा. एसक्यूलाइट३ आणि सायकोपीजी२ (पोस्टग्रेससाठीची लायब्ररी) या दोन्हींत कनेक्शनवर लावलेलं विथ फक्त कमिट (बदल पक्के) किंवा रोलबॅक (बदल रद्द) करतं, कनेक्शन बंद करत नाही. हे वाचून चकित होणारे अनुभवी लोकही मी पाहिलेत. तिथे कॉन्टेक्स्टलिबमधलं क्लोजिंग वापरा. पीएचपीत स्क्रिप्ट संपली की साधं कनेक्शन आपोआप सुटतं, म्हणून वेब पानांवर सहसा निभावतं. पाठीमागे तासन्‌तास चालणाऱ्या वर्कर स्क्रिप्टमध्ये नाही. पीडीओला (पीएचपीतून डेटाबेसशी बोलायची सोय) क्लोज नावाची मेथडच नाही. व्हेरिएबल नल करायचं, आणि त्याच कनेक्शनवरून बनवलेली स्टेटमेंटंही नल करायची, नाहीतर ती कनेक्शन धरून ठेवतात.

पूल असेल तर क्लोज म्हणजे तोडणं नाही, परत करणं. ‘पूल आहे, तो बघून घेईल’ असं म्हणून क्लोज गाळू नका. उलट तिथे अडचण लवकर येते, कारण हिकारीसीपी या जावाच्या पूल लायब्ररीचा पूल डीफॉल्टने फक्त १० कनेक्शनांचा असतो. ती अडकली की अकरावी रिक्वेस्ट ३० सेकंद वाट बघून एरर देते. नोड-पोस्टग्रेस या नोड.जेएसच्या लायब्ररीचा पूलही १० चाच, पण तिथे वाट बघायला डीफॉल्टने मर्यादाच नाही. एररही येत नाही, पान नुसतं फिरत राहतं.

म्हणून कोड तपासायला पाठवण्याआधी स्वतःच्या मशीनवर पूलचा आकार २ करा आणि चुकीचा ग्राहक क्रमांक टाकून तीच रिक्वेस्ट एकामागून एक तीनदा पाठवा. तिसरी अडकली, तर त्या वाटेवर क्लोज नाही. हिकारीसीपीत लीक डिटेक्शन थ्रेशोल्ड (कनेक्शन किती वेळ परत आलं नाही तर इशारा द्यायचा ती मर्यादा) दोन सेकंदांवर लावून ठेवलात, तर ते कनेक्शन कोणत्या ओळीवर घेतलं होतं तेही लॉगमध्ये मिळेल.