पाद्रीबुवांना लगेच नावं ठेवू नका

ग्रॅहम ग्रीनची 'द पॉवर अँड द ग्लोरी' (१९४०) ही कादंबरी वाचायला घेताना तिच्या नायकाच्या, एका दारुड्या पाद्र्याच्या, निवाड्याची घाई नको. बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या मावशींनी 'दारुडा मेला!' म्हणत पुस्तक मिटलंच होतं. आधी एवढं ध्यानात घ्या: १९३०च्या दशकातलं मेक्सिकोतलं एक राज्य, धर्मगुरूंच्या मागे पोलीस, दारूबंदीही. (ती आम्हा बडोदेकरांना कोण समजावणार!) मिस्सेला (कॅथलिक चर्चमधल्या उपासनाविधीला) द्राक्षाची वाइनच लागते, ब्रँडी चालत नाही. मग तो प्रसंग सावकाश वाचा. चोरून मिळवलेली वाइन अधिकारी पाद्र्याच्यादेखत ढोसतात, आणि हा रडतो. मुलीच्या भेटीपाशी पुन्हा थांबा. ब्रह्मचर्य मोडल्याचं पाप कबूल, पण त्या पापातूनच झालेल्या लेकीवरची माया सुटत नाही. मग पश्चात्ताप करायचा तरी कसा? त्याच्या मागावर असलेल्या पोलीस लेफ्टनंटला मात्र खलनायक समजू नका, माणूस सरळ आहे.