ज्युनियर स्प्रिंटरला सीनियर गटात नेताना

जमैकाच्या उसेन बोल्टनं 2002 मध्ये, पंधराव्या वर्षी, किंग्स्टनला 200 मीटरचं जागतिक ज्युनियर सुवर्ण जिंकलं. 2004 मध्ये 19.93 सेकंदांचा ज्युनियर विश्वविक्रम केला आणि त्याच वर्षी दुखापतीमुळे अथेन्स ऑलिंपिकच्या पहिल्याच फेरीत बाद झाला. ऑलिंपिक सुवर्ण मिळालं ते 2008 मध्ये. ही मधली चार वर्षं पालकांनी लक्षात ठेवावीत.

नागपुरात मे महिन्यात पारा 45 च्या आसपास जातो, त्यामुळे सराव सकाळी साडेसहाच्या आत संपवा. पूर्ण वेगाच्या 30 मीटरच्या चार-पाच धावा पुरेत. दोन धावांमध्ये किमान तीन मिनिटं विश्रांती हवी. ती कापली की वेग पडतो आणि सराव फक्त दमछाकीचा होतो.

स्टार्टिंग ब्लॉक (सुरुवातीला पाय रेटायचं साधन) लावताना पुढचं पॅडल, म्हणजे पाय टेकवायची पट्टी, सुरुवातीच्या रेषेपासून दोन पावलांवर, मागचं तीन पावलांवर ठेवून सुरुवात करा. इथे पाऊल म्हणजे धावपटूच्या तळव्याची लांबी. ‘सेट’ या आज्ञेला, म्हणजे कंबर उचलून स्थिर होताना, पुढचा गुडघा साधारण 90 अंशांत हवा. कंबर खांद्यांपेक्षा थोडी वर असावी. ती खाली राहिली की पोरगं पहिल्याच पावलात उभं होतं.

मांडीच्या मागच्या स्नायूंसाठी नॉर्डिक व्यायाम (गुडघ्यांवर उभं राहून, घोटे कुणीतरी धरलेले असताना शरीर हळूहळू पुढे झुकवणं) आठवड्यातून दोनदा, पाच-पाचचे दोन सेट, आणि तेही स्पर्धेच्या आदल्या दिवशी अजिबात नाही. उंची झपाट्यानं वाढत असेल तर ब्लॉकचा सराव कमी करा.

100 मीटरला हातातल्या स्टॉपवॉचचे 11.0 सेकंद म्हणजे इलेक्ट्रॉनिक वेळेचे 11.24 धरा. राज्य स्पर्धेचं लक्ष्य त्यावरूनच ठरवा.