नागपूरहून खडकाळ किनाऱ्याच्या नोंदीला जाताना

तिकीट काढण्याआधी पंचांग बघा. अमावस्या-पौर्णिमेनंतरच्या एक-दोन दिवसांत ओहोटी सर्वांत खोल जाते. अष्टमीच्या आसपास भांग असतो, म्हणजे भरती-ओहोटीचा चढ-उतार कमी; खडक नीट उघडेच पडत नाहीत आणि आख्खा महाराष्ट्र ओलांडून गेलेलं फुकट.

खडकावर ठेवून आतले जीव मोजायची चौकट नागपुरातच बनवा. इतवारीतून अर्धा इंची पीव्हीसी पाइप सव्वादोन मीटर, चार एल्बो, सहा मीटर नायलॉन दोरी घ्या. आतलं माप 50 बाय 50 सेंटीमीटर. दर 10 सेंटीमीटरला भोक पाडून उभी-आडवी दोरी ओवा: 25 घरं, एकेक घर चौकटीच्या 4 टक्के. एल्बोजवळ जास्तीची भोकं पाडाच, नाहीतर आत हवा कोंडून चौकट डबक्यात तरंगत बसते. सरावाला फुटाळा तलावाच्या काठचं शेवाळ चालतं.

किनाऱ्यावर ओहोटी तळाला जाण्याच्या दीड तास आधी पोहोचा. पाणी वळलं की परत फिरा, शेवटची चौकट अर्धी राहिली तरी. उलटवलेला दगड होता तसाच ठेवा; खालचे जीव उन्हात मरतात. शंकूसारखा शंख उचलू नका, आतली गोगलगाय विषारी डंख मारते.

मालवणला प्रवाळ दिसलं तर फक्त फोटो. त्याला वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, वाळूतला सुटा तुकडाही पिशवीत टाकू नका.